आहार-विवेक : पाव किलोचा हिशेब



कार्तिकी पौर्णिमा झाली, चातुर्मास संपला आणि ज्या घरांनी चार महिने पालेभाजी वर्ज्य केली होती, त्यांच्या पिशवीत मेथीची पहिली जुडी येऊन पडली. मंडईत या दिवसांत मेथी, पालक, चाकवत, शेपू, मटार, वालपापडी, घेवडा यांची रेलचेल असते. भावही उतरलेले असतात. भाजी खाण्यास याहून अनुकूल ऋतू नाही. तरीही गेल्या वर्षी याच दिवसांत आमच्या घरातील एका ताटातून भाजी जवळजवळ नाहीशी झाली होती आणि ती माझ्याच हातून झाली होती, हे मला फार उशिरा कळले. या महिन्याचा लेख त्या चुकीविषयी आणि त्यातून हाती आलेल्या चार सोप्या गोष्टींविषयी आहे.

आमची सून नोकरी करते. रात्रिभोजनत्यागाचा नियम तिने विवाहापूर्वीच घेतलेला आहे आणि तो ती निष्ठेने पाळते. उन्हाळ्यात सूर्य सातपर्यंत असतो, तेव्हा अडचण येत नाही. हिवाळ्यात मात्र आपल्या भागात सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. त्या वेळी ती कचेरीतच असते. घरी पोहोचते तेव्हा आमची भांडीसुद्धा घासून झालेली असतात. म्हणून तिच्याबरोबर दोन डबे जातात. दुपारचा पोळी-भाजीचा आणि साडेपाच वाजता, कामातून दहा मिनिटे काढून खायचा, संध्याकाळचा. हा दुसरा डबा मी भरत असे. त्यात खाकरा, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, कधी शंकरपाळी. सांडत नाही, आंबत नाही, चटकन खाऊन होते. मला तर तो डबा आदर्श वाटत असे.

पौष उजाडला तसा तिला जिना चढताना दम लागू लागला. कामाची दगदग असेल म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. शेवटी रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ९.१ निघाले. गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीच्या रक्तात ते निदान १२ असावे, असे मानले जाते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, आणखी काही तपासण्या सांगितल्या आणि आठवडाभर काय काय खाल्ले ते लिहून आणण्यास सांगितले. तो कागद आमच्या जेवणाच्या मेजावर पडलेला असे. आठवडा संपता संपता मी तो सहज वाचला. संध्याकाळच्या रकान्यात सहा दिवस एकच गोष्ट फिरून फिरून आली होती : खाकरा, चिवडा, खाकरा. दुपारच्या रकान्यात पोळ्यांची संख्या होती आणि भाजीपुढे तिने प्रामाणिकपणे लिहिले होते, ‘थोडी’. तो कागद तिचा होता, पण त्यातील प्रत्येक डबा माझ्या हातचा होता.

तराजूने सांगितलेले सत्य

आमचे यजमान हिशेबी वृत्तीचे आहेत. त्यांनी दुसऱ्या दिवशी घरातील लहान तराजू ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, “आधी मोजा, मग बोला.” त्या सकाळी मी पाव किलो भेंडी आणली होती. देठ आणि टोके काढल्यावर ती आणखी कमी भरली. घरात माणसे पाच. समान वाटणी झाली असती तरी प्रत्येकाच्या वाट्याला पन्नास ग्रॅमसुद्धा येत नव्हते. संध्याकाळी पुन्हा पाव किलोची दुसरी भाजी. म्हणजे दिवसाकाठी माणशी जेमतेम शंभर ग्रॅम.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवू. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत दोन हजार किलोकॅलरींच्या दिवसभराच्या आहारात पालेभाज्यांसह ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असावीत, असे सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटना फळे आणि भाज्या मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम सांगते. कोणताही आकडा घेतला, तरी आपण भाजी ‘रोज दोन वेळा’ करतो या समाधानात राहिलो आणि प्रत्यक्षात चतुर्थांशावर थांबलो, हे मला त्या तराजूने दाखविले.

पण ही झाली समान वाटणी. आपल्या घरांत ती समान होते का? आधी शाळेत जाणारे मूल, मग पुरुषमंडळी, मग वडीलधारी आणि शेवटी ज्या बाईने स्वयंपाक केला ती. नातवाला भाजी आवडली म्हणून त्याला दोनदा वाढली, मुलाने डब्यात थोडी जास्त मागितली, की कढईत उरते ती एक पळी. ‘मला चटणीबरोबर चालते’ हे वाक्य आपल्या घरांतील किती स्त्रियांनी किती वर्षे म्हटले असेल! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात आणि त्यांवर उपचार वैद्यांनीच करावयाचे असतात. परंतु कढईतील ती शेवटची पळी या आकड्यापासून अगदीच दूर नाही, असे मला वाटते.

श्रावकाच्या बारा व्रतांत अतिथिसंविभागाचे व्रत आहे. अतिथीला आपल्या अन्नातील योग्य भाग द्यावयाचा, हा त्याचा आशय. अतिथीच्या बाबतीत इतके दक्ष असणारे आपण, घरातीलच एका माणसाच्या वाट्याचा विचार करीत नाही, हे मला त्या दिवशी प्रथम टोचले.

आपल्या मर्यादा, आपला मार्ग

धावपळीच्या आठवड्यात भाज्या कशा वाढवाव्यात याविषयी वर्तमानपत्रांतून सल्ला पुष्कळ मिळतो. रविवारी सगळ्या भाज्या शिजवून शीतपेटीत ठेवा. गाजराच्या फोडी डब्यात न्या. मोड आलेली कडधान्ये भुरभुरा. रात्री उशिरा आलात तर वाटीभर सूप घ्या. सल्ला वाईट नाही, पण तो आपल्या घराला लागू पडत नाही. रात्र ओलांडलेले शिजवलेले अन्न आपण घेत नाही, कंदमुळे घेत नाही, मोड आलेले धान्य अनेक घरांत चालत नाही आणि सूर्यास्तानंतर चूल बंद असते. म्हणून पुष्कळ भगिनी असा निष्कर्ष काढतात, की नियम पाळायचे तर खाकऱ्यावर भागवणे आलेच.

हा निष्कर्ष चुकीचा आहे. बटाटा सुटला म्हणून आपले फारसे काही बिघडत नाही. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा आपल्या ४०० ग्रॅमांत बटाट्यासारखी पिष्टमय कंदमुळे मोजीत नाही. गाजर सुटले, तर त्यातील ‘अ’ जीवनसत्त्वाचे मूलद्रव्य लाल भोपळ्यात, पिकलेल्या पपईत आणि गडद हिरव्या पालेभाज्यांत आहेच. आपल्याला जे वर्ज्य नाही त्याची यादी करून पाहा : दुधी, दोडका, पडवळ, कारले, तोंडली, भेंडी, गवार, घेवडा, फरसबी, वालपापडी, चवळीच्या शेंगा, शेवगा, मटार, टोमॅटो, काकडी, कोबी, सिमला मिरची, लाल भोपळा, कच्ची केळी आणि या ऋतूतील सर्व पालेभाज्या. यातील एखादी भाजी एखाद्या घरी चालत नसेल. प्रत्येकाने आपल्या घरच्या परंपरेप्रमाणे आणि घेतलेल्या नियमाप्रमाणे निवड करावी. तरीही यादी लहान होत नाही. आपल्याजवळ भाज्या भरपूर आहेत. अपुरे पडतात ते वेळ आणि नियोजन.

आमच्या घरी आम्ही जे बदल केले ते क्रमाने सांगते.

बाजाराचा क्रम

पूर्वी मी रविवारी आठवड्याची भाजी आणीत असे आणि बुधवारपर्यंत पालेभाजी पिवळी पडलेली असे. आता बाजार दोनदा होतो, रविवारी आणि बुधवारी. नाजूक भाजी आधी, टिकाऊ भाजी शेवटी, एवढाच नियम. सोमवारी आणि मंगळवारी मेथी, पालक, चाकवत यांपैकी काही; बुधवारी भेंडी किंवा दोडका; गुरुवारी पुन्हा ताजी पालेभाजी; शुक्रवारी गवार, वालपापडी किंवा तोंडली; शनिवारी कोबी, दुधी अथवा लाल भोपळा. दुधी आठवडाभर सहज राहतो आणि न चिरलेला लाल भोपळा तर कितीतरी दिवस कोपऱ्यात निमूट बसून असतो. घरात काहीच नाही, असा दिवस त्यामुळे येत नाही.

पालेभाजी धुऊन ठेवू नये. ओलाव्याने ती सडते. निवडून, कोरड्या फडक्यात सैल गुंडाळून ठेवावी आणि करण्यापूर्वी भरपूर गाळलेल्या पाण्यात दोन-तीन वेळा धुवावी. धुऊन मग चिरावी, चिरून मग धुऊ नये. चिरलेल्या भाजीतील ‘क’ जीवनसत्त्व पाण्याबरोबर निघून जाते.

खरेदीचे माप बदलले ते असे. आमचे पाच माणसांचे घर रोज अर्धा किलो भाजीवर चालत होते. पहिला पंधरवडा आम्ही एक किलोचे लक्ष्य ठेवले, पुढे दीड किलोचे. एकदम चारशे ग्रॅमांचा हट्ट धरला असता तर घरात बंड झाले असते. मटार मोजताना शेंगांचे वजन धरू नये. सोलल्यावर दाणे निम्म्याहून कमीच भरतात. खर्च वाढला का, असे कुणी विचारील. थोडा वाढला, परंतु फरसाणाचे आणि चिवड्याचे पुडे जवळजवळ बंद झाले, त्यामुळे महिन्याचे गणित फारसे हलले नाही.

निवडण्याचे काम कुणाचे?

भाजी घरात कमी होण्याचे खरे कारण शिजवण्यात नसून निवडण्यात आहे. वालपापडीच्या शिरा काढणे, मेथी खुडणे, मटाराचा प्रत्येक दाणा पाहून घेणे, कोबीचे पान न् पान उलगडणे, यांस वेळ लागतो. आपल्याकडे तर ते काम केवळ स्वच्छतेचे नाही. पानामागचा सूक्ष्म जीव वाचावा म्हणून ते यत्नाचाराने, दिवसाच्या उजेडात, सावकाश करावयाचे असते. सकाळी पावणेनऊला बाहेर पडणारी स्त्री ते कधी करणार? म्हणून ती भेंडी किंवा बेसनाचे पिठले असा सोपा मार्ग काढते, आणि त्यात तिचा दोष नाही.

आमच्या घरी आता हे काम यजमानांचे आणि नातवाचे आहे. दुपारी उन्हात चटई टाकून दोघे बसतात. पहिल्या आठवड्यात मेथीच्या पानांबरोबर निम्म्या काड्याही आल्या. मी बोलले नाही. दुसऱ्या आठवड्यात नातवाने घेवड्यात एक हिरवी अळी पाहिली आणि ती पानासकट हळूच अंगणातील वेलीवर नेऊन सोडली. अहिंसेवरील कितीतरी प्रवचने त्याने माझ्या मांडीवर पेंगत ऐकली होती. त्या दिवशीचा धडा त्याने स्वतःच गिरवला. आणखी एक लाभ झाला. स्वतः निवडलेली भाजी त्याला ‘नको’ म्हणता येईना.

एका चिरण्यात दोन पदार्थ

आदल्या दिवशी शिजवून ठेवता येत नाही, तर सकाळच्या एकाच खटपटीत दोन वेळांची सोय व्हावी, हे साधले पाहिजे. त्यासाठी नवे पदार्थ शिकण्याची आवश्यकता नाही; रोजच्या पदार्थांत भाजीचा वाटा वाढवावा.

कुकरमध्ये डाळ लावतेच आहोत, तर डाळीतच दुधीच्या फोडी, शेवग्याच्या शेंगा किंवा चिरलेला पालक घालावा. वरच्या डब्यात पाणी न घालता फरसबी, वालपापडी किंवा लाल भोपळा वाफवावा. तीच वाफवलेली भाजी दाण्याचे कूट, जिऱ्याची फोडणी आणि लिंबू घालून कोशिंबीर होते. ज्यांचा सचित्तत्याग आहे, त्यांना कच्च्या काकडी-टोमॅटोऐवजी ही कोशिंबीर विशेष सोयीची.

न्याहारीत वाटीला वाटी हा नियम ठेवला. एक वाटी पोहे, तर एक वाटी मटार, कोबी आणि सिमला मिरची. एक वाटी रवा, तर एक वाटी बारीक चिरलेली फरसबी आणि टोमॅटो. पूर्वी उपम्यात मटाराचे दहा दाणे शोभेपुरते असत. आता रवा भाजीला धरून ठेवण्यापुरता असतो.

पिठल्यात मूठभर शेपू किंवा मेथी घातली, की ती वेगळी भाजीच होते. कांद्याविना रस्सा दाट होत नाही, अशी तक्रार असते. वाफवलेला लाल भोपळा किंवा दुधी घोटून घातला, की रस्सा दाटही होतो आणि भाजीही वाढते. बटाट्याच्या जागी कच्चे केळे आहेच. चवीसाठी हिंग, जिरे, तीळ, सुके खोबरे आणि दाण्याचे कूट यांची कोरडी पूड रविवारी करून ठेवावी. पीठ-मसाल्यांची मर्यादा आपापल्या घरी पाळली जाते त्याप्रमाणे बेताचीच करावी. अनेक घरांत हिवाळ्यात पिठाची मर्यादा सात दिवसांची मानतात. म्हणजे आपल्या पूर्वजांनी आठवड्याचे नियोजन आपल्याला आधीच आखून दिले आहे.

एक सावधगिरी. दही-ताक वापरताना द्विदलाचा विचार ठेवावा. चाकवताच्या ताकातील भाजीला डाळीच्या पिठाऐवजी तांदळाचे पीठ लावावे आणि दह्याच्या कोशिंबिरीच्या फोडणीत उडदाची डाळ टाकू नये.

साडेपाचचा डबा

आता त्या दुसऱ्या डब्याकडे येते. त्याच्या अटी कडक आहेत. सकाळी आठला भरलेले अन्न साडेपाचपर्यंत टिकले पाहिजे, सांडू नये, गरम न करता चांगले लागले पाहिजे आणि दहा मिनिटांत खाऊन झाले पाहिजे. या अटींत बसणारे पाच डबे आम्ही ठरविले आहेत आणि आठवडाभर ते फिरवतो.

पहिला, मेथीचे थालीपीठ. त्यात पिठाइतकीच चिरलेली मेथी. दुसरा, बेसन आणि ज्वारीच्या पिठात किसलेला दुधी किंवा कोबी घालून केलेली धिरडी. दुधीला सुटलेल्या पाण्यातच पीठ भिजवावे, वरून पाणी घालू नये. तिसरा, कोरड्या परतलेल्या भाजीची पोळीत घट्ट गुंडाळी. तोंडली, सिमला मिरची, कोबी-मटार यांपैकी काहीही. चौथा, मटार, फरसबी आणि कोबी घातलेला दलियाचा मोकळा उपमा. पाचवा, लाल भोपळ्याच्या दशम्या आणि सोबत तिळाची चटणी. या प्रत्येक डब्याबरोबर एक अखंड काकडी किंवा दोन टोमॅटो आणि अर्धे लिंबू जाते. ते तेथेच चिरून घ्यावयाचे. ओले खोबरे या डब्यात घालू नये. संध्याकाळपर्यंत ते उतरते. पहिल्या आठवड्यात मीच तशी चूक केली आणि सुनेला त्या दिवशी उपाशी राहावे लागले.

लिंबाचे कारण निव्वळ चव हे नाही. पालेभाजी आणि डाळी यांतील लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. ‘क’ जीवनसत्त्वाच्या सोबतीने ते अधिक शोषले जाते. लिंबू मात्र शेवटी, ताटात पिळावे, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट होते. याच कारणासाठी जेवणाला लागून चहा घेऊ नये. चहातील घटक लोहाच्या शोषणास अडथळा करतात. डबा संपताच कचेरीत येणारा चहाचा पेला सुनेने आता साडेचारला मागे नेला आहे.

पर्वतिथीचे दिवस

अष्टमी आणि चतुर्दशीला अनेक घरांत हिरवी भाजी होत नाही. काही घरांत आणखीही तिथी पाळतात. त्या दिवशी भाजीचे प्रमाण कसे राखावे, असा प्रश्न एका भगिनीने मला विचारला. माझे उत्तर असे, की त्या दिवशी राखू नये. तो दिवस त्यागाचा आहे. त्यागाला पळवाट शोधण्यात अर्थ नाही. मूग, मटकी, चवळी यांची न मोडवलेली उसळ, डाळी, ज्वारी-बाजरीची भाकरी, तीळ, शेंगदाणे आणि दूध यांवर तो दिवस उत्तम निघतो. महिन्यातील चार-पाच दिवसांनी आपले पोषण बिघडत नाही. उरलेल्या पंचवीस दिवसांच्या दुर्लक्षाने बिघडते. नियमाला दोष देण्यापूर्वी त्या पंचवीस दिवसांकडे पाहावे.

वाढण्याचा क्रम

सर्वांत सोपा आणि सर्वांत अवघड बदल शेवटी सांगते. भाजी झाली, की कढईतूनच पाच वाट्या भरावयाच्या. पहिली वाटी स्वयंपाक करणारीची, झाकून बाजूला ठेवावयाची. दुसरी कामावर जाणारीच्या डब्यात. मग इतरांच्या. कुणाला अधिक हवी असेल तर कढईत उरलेल्यातून घ्यावी. झाकलेल्या वाटीला हात लावावयाचा नाही.

हे ऐकून आमचा मुलगा हसला आणि म्हणाला, “आई, आपल्या घरात कुणी कुणाची भाजी पळवते काय?” मी त्याला तराजू दाखविला. आजवर कुणीही कुणाची भाजी पळविली नव्हती. ती आम्ही स्वतःच देऊन टाकीत होतो आणि त्याला प्रेम म्हणत होतो. ते प्रेम होतेच. परंतु जो त्याग एकाच व्यक्तीच्या ताटातून रोज होतो आणि जो इतरांच्या लक्षातही येत नाही, त्याला संयम म्हणता येणार नाही. संयम स्वेच्छेचा आणि जाणता असतो. ऊनोदरीचे तप करावयाचे तर तेही ठरवून करावे. कढई रिकामी झाली म्हणून ते आपोआप घडू नये.

चार महिन्यांनी सुनेचे रक्त पुन्हा तपासले. हिमोग्लोबिन ११.८ झाले होते. त्यातील किती श्रेय गोळ्यांचे आणि किती मेथीचे, हे मला सांगता येणार नाही आणि सांगण्याचा अधिकारही नाही. ज्यांना दम लागतो, थकवा जात नाही, त्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. भाजी हा औषधाला पर्याय नव्हे. मला इतकेच ठाऊक आहे, की तिने आपला नियम एक दिवसही मोडला नाही आणि संध्याकाळच्या रकान्यात आता ‘थोडी’ हा शब्द नसतो.

एके दिवशी ती घरी आली आणि रिकामा डबा ओट्यावर ठेवीत म्हणाली, “आई, आज माझ्या शेजारच्या टेबलावरच्या दोघींनीही साडेपाचला डबा उघडला. त्यांचा काही नियम नाही, पण त्यांना ती वेळ आवडली.” मी काही बोलले नाही, दुसऱ्या दिवशी दोन धिरडी जास्त घातली.

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, या महिन्यात एवढेच करून पाहा. दिनदर्शिकेवर सात दिवस, रोज घरात किती भाजी शिजली त्याचे वजन लिहा आणि त्याला घरातील माणसांच्या संख्येने भागा. आकडा कमी आला तर खंत करू नका, दुसऱ्या आठवड्यात तो थोडा वाढवा. आणि स्वयंपाक करणारीची वाटी कुणी भरून ठेवली, हेही त्याच चौकटीत लिहा.

पुढील अंकी कडधान्यांविषयी बोलू. तोवर जयजिनेंद्र.